थंडीतली ड्यूटी : वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये नर्सनी स्वतःला कसं जपावं

थंडीच्या दिवसांत नर्सला इजा होते ती बहुधा एखाद्या मोठ्या आणीबाणीत नाही. दारातल्या ओल्या लादीवर पाय सटकतो, आजोबांना उशीकडे सरकवताना कमरेत लचक भरते, नाइट करून घरी जाताना गाडी चालवता चालवता डुलकी लागते. मुळाशी जाऊन पाहिलं तर बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते : घाई. हिवाळ्यात आजारपणाच्या रजा वाढतात म्हणून ड्यूटीवर माणसं कमी, आजी-आजोबा जास्त आजारी म्हणून कामं जास्त, आणि प्रत्येक कामात कपड्यांचे दोन थर जास्त. मग दोघींचं काम एकटी करते, ओल्या हातांवरच ग्लोव्हज चढतात, मास्क नाकाखाली घसरलेला तसाच राहतो.

घाईत असलेल्या माणसाला ‘सावध राहा’ असं सांगून काही उपयोग नसतो. घाईची वेळच कमी यावी अशी सोय आधी करून ठेवावी लागते. त्यामुळे पुढे जे सांगितलं आहे त्यातलं बरंचसं काम ड्यूटी सुरू होण्याच्या आधीचं आहे.

इथे नर्सिंग होम म्हणजे वृद्ध माणसं महिनोन्महिने, अनेकदा कायमची राहतात अशी संस्था. चार दिवसांत डिस्चार्ज देणारं छोटं हॉस्पिटल नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण इथले रहिवासी एकत्र जेवतात, एकत्र बसतात, आणि साथ आली तर त्यांना पाठवायला दुसरं घर नसतं.

थंडी पडण्याआधीचा महिना

पहिलं काम फ्लूच्या लशीचं. टोचल्यावर शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात, म्हणून पहिला रुग्ण सापडल्यावर रांग लावण्यात फारसा अर्थ नाही. इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस अंग कसकसतं, एवढंच. त्यासाठी साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी लस घेतली की झालं. ‘आजी-आजोबांना तर दिलीच आहे, मग आम्हाला कशाला?’ हा प्रश्न दरवर्षी ऐकू येतो. उतारवयात शरीर लशीला कमी प्रतिसाद देतं, त्यामुळे त्यांच्याभोवतीची माणसं सुरक्षित असणं हेच त्यांचं दुसरं कवच. गरोदर नर्सलाही ही लस घेता येते आणि तिने ती घ्यावीच. कोविडच्या लशीबाबत तुमच्याकडे चालू असलेला नियम पाळा.

दुसरं काम मास्कचं. एन-९५ मास्क (हवेतले बारीक कण गाळणारा) चेहऱ्याला नीट बसला तरच कामाचा, आणि प्रत्येक चेहऱ्याला प्रत्येक मॉडेल बसत नाही. फिट टेस्ट, म्हणजे मास्क कडेने गळत नाही ना याची चाचणी, करून घ्या आणि आपल्याला कोणतं मॉडेल, कोणता साइज बसतो ते लिहून ठेवा. वजन बरंच वाढलं किंवा घटलं असेल तर ती पुन्हा करा. दाढी ठेवणाऱ्या ब्रदरच्या (पुरुष नर्सच्या) चेहऱ्याला तो घट्ट बसतच नाही, हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. शिवाय प्रत्येक वेळी मास्क घातल्यावर दोन्ही तळवे त्यावर ठेवून जोराने श्वास सोडायचा आणि घ्यायचा. कडेने हवा निसटत असेल तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबायची.

तिसरं काम इन-चार्जबरोबर अर्धा तास बसण्याचं. या बैठकीत भावना नको, यादी हवी. कोणी आजारी पडलं तर बदली कोण येणार, त्यांची नावं आणि फोन कुठे लिहिलेले आहेत? स्लाइड शीट (माणसाला पलंगावर सरकवायच्या गुळगुळीत चादरी) किती आहेत, त्यातल्या फाटलेल्या किती? होइस्टची, म्हणजे माणसाला उचलणाऱ्या यंत्राची, बॅटरी किती वेळ टिकते? प्रवेशद्वाराशी पाणी शोषणारे पायपुसणे आहेत का? कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म बसवला आहे का आणि त्याची बॅटरी शेवटची कधी बदलली? आणि सगळ्यात महत्त्वाचं : स्वतः आजारी असताना कोणाला, किती वाजेपर्यंत कळवायचं आणि त्या रजेचे पैसे कापले जाणार का? पैसे कापले जात असतील तर लोक तापात गोळी घेऊन ड्यूटीवर येणार, मग भिंतीवर कितीही पोस्टर लावा.

अंगावर काय घालायचं

थंडी वाजते म्हणून युनिफॉर्मवर लांब बाह्यांचा स्वेटर चढवणं ही अगदी स्वाभाविक गोष्ट, आणि संसर्गाच्या दृष्टीने सगळ्यात त्रासदायक. त्या बाह्यांची टोकं एका बिछान्यावरून दुसऱ्या बिछान्यावर फिरतात, आणि बाही मनगटापर्यंत असेल तर हात नीट धुताच येत नाहीत. काळजीचं काम करताना कोपरापासून खाली हात उघडे हवेत. ऊब हवी असेल तर युनिफॉर्मच्या आत अर्ध्या बाह्यांचा थर्मल घाला. बिनबाह्यांचं जाकीट कॉरिडॉरमध्ये ठीक, बिछान्यापाशी जाताना काढून ठेवायचं. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या लॉकरमध्ये.

मफलर आत आणायचाच नाही. गोंधळलेल्या रहिवाशाने तो धरून ओढला तर गळ्याला फास बसतो, आणि होइस्टच्या हुकात अडकण्याची भीती वेगळी. ओळखपत्राची दोरीही ओढल्यावर सुटणारी असावी.

बुटांचे दोन जोड हवेत : बाहेरचा, खोल खाचांच्या रबरी तळाचा, आणि आतला, पुढून बंद, न घसरणाऱ्या तळाचा. बाहेरच्या बुटांना चिकटलेला बर्फ किंवा चिखल कॉरिडॉरमध्ये वितळला की त्यावरून घसरणारी पहिली व्यक्ती बहुतेक वेळा वॉकर घेऊन चालणाऱ्या आजी असतात, आणि त्यांना सावरायला धावणारी नर्स दुसरी.

वाहनापासून दारापर्यंत

सकाळच्या ड्यूटीला नर्स पोहोचतात तेव्हा अंधार असतो. पार्किंगमधला बर्फ साफ करणं किंवा मीठ टाकणं मात्र बऱ्याच ठिकाणी ऑफिसच्या वेळेला होतं. ही वेळ बदलून घ्या. साफसफाई ड्यूटी बदलण्याच्या अर्धा तास आधी झाली पाहिजे, आणि ती कोणाची जबाबदारी हे नावानिशी ठरलं पाहिजे. साधं मीठ सुमारे उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली फारसं चालत नाही. तिथे वाळू किंवा त्या तापमानासाठीचं दुसरं रसायन लागतं.

बर्फावर चालायची पद्धत वेगळी असते. पावलं छोटी टाकायची, तळवा सपाट ठेवायचा, गुडघे किंचित वाकवायचे आणि शरीराचा भार पुढच्या पायावर ठेवायचा. हात खिशात नकोत, कारण तोल गेला तर तेच सावरतात. सामान एका हातात धरण्यापेक्षा पाठीवरच्या बॅगेत बरं. गाडीतून उतरताना दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, दाराला धरून उभं राहा, मग चाला. डांबरावर काळसर, ओलसर चकाकी दिसली तर ते पाणी नसून बर्फ आहे असंच समजा. जिथे बर्फ पडत नाही तिथेही दव, धुकं आणि अंधार असतोच. शेवाळलेल्या पायऱ्या आणि ओला पाचोळा बर्फाइतकेच सटकतात.

पंधरा मिनिटं लवकर निघणं हा या भागातला सगळ्यात स्वस्त उपाय. पडतो तो धावणारा.

हँडओव्हरमध्ये विचारायच्या गोष्टी

थंडीत हँडओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना एकमेकींना माहिती देण्याचा वेळ, नेहमीपेक्षा दोन मिनिटं लांबला तरी चालेल. नवा खोकला, उलटी किंवा जुलाब कोणाला सुरू झाले? काल चालत होतं पण आज उभं राहता येत नाही, असं कोणी आहे का? रात्री कोणी मारलं, ओरबाडलं, ढकललं? आज प्रत्यक्षात हात किती आहेत आणि कोणतं उपकरण बंद आहे?

वृद्धांचा ताप ओळखण्याबद्दल इथेच सांगायला हवं. त्यांचं नेहमीचं तापमानच कमी असतं, त्यामुळे ३८ अंशांची वाट पाहत बसलात तर फ्लू तुमच्या तोंडावर खोकून मोकळा झालेला असतो. तोंडाने घेतलेलं तापमान एकदा जरी ३७.८ अंशांच्या वर गेलं, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा १.१ अंशांहून जास्त वाढलं, तरी तो ताप धरा. कधी ताप येतच नाही. जेवण टाकणं, अचानक भांबावणं, काही कारण नसताना पडणं एवढंच दिसतं. अशा व्यक्तीजवळ मास्क लावून जा, निदान नंतर होईल. उलट तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं तर ते हायपोथर्मिया (शरीर धोकादायक इतकं थंड पडणं), आणि तेही तितक्याच तातडीने कळवायचं.

सकाळची कामं आणि तुमची पाठ

थंडीत सकाळी सहा-साडेसहाला आजी-आजोबांचे सांधे आखडलेले असतात. जे दुपारी थोडा आधार घेऊन उठतात, ते सकाळी पूर्ण भार तुमच्यावर टाकतात. तुमचं स्वतःचं शरीरही अजून गरम झालेलं नसतं. त्यात जाड पांघरुणं, पायमोजे, स्वेटर.

एक हिशेब करून पाहू. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, ‘नायोश’ने, रुग्ण हाताने उचलण्यासाठी परिस्थिती अगदी अनुकूल असताना १६ किलोची मर्यादा सुचवली आहे. माणसाचा एक संपूर्ण पाय त्याच्या वजनाच्या साधारण १६ टक्के असतो. म्हणजे ७० किलोच्या आजोबांचा एक पाय ११ किलोच्या आसपास, दोन्ही मिळून २२ किलोंच्या वर. नुसते दोन पाय पलंगावर उचलून ठेवतानाच मर्यादा ओलांडली जाते, तीही वाकलेल्या कमरेने. ‘मी एवढी वर्षं करतेय, मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या सहकारी प्रत्येक ठिकाणी असतात. पाठीचं दुखणं मात्र एका दिवसात येत नाही, साठत येतं.

त्यामुळे सकाळच्या कामांचा क्रमच बदला. ज्यांना उठवायला सगळ्यात जास्त कष्ट पडतात त्यांना पहिलं उठवायचं नाही, शेवटी उठवायचं. तोपर्यंत खोली गरम होते, त्यांचे सांधे सैल होतात, तुमचंही अंग मोकळं होतं. डॉक्टरांनी वेदनाशामक लिहून दिलं असेल तर ते हलवण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी मिळेल अशी वेळ लावून घ्या. ड्यूटी सुरू करताना दोन-तीन मिनिटं खांदे फिरवणं, जागच्या जागी पावलं टाकणं आणि गुडघ्यांतून हलकं वाकणं पुरेसं आहे. त्याला व्यायाम म्हणायचीही गरज नाही.

प्रत्यक्ष हलवताना आधी पलंग आपल्या कमरेच्या उंचीला आणा. ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते, कारण पलंग वर-खाली करायला अर्धं मिनिट लागतं. चाकांचे ब्रेक लावा. जाड पांघरूण पूर्ण बाजूला करा, कारण ते पायात अडकतं आणि त्याखालच्या नळ्या दिसत नाहीत. वर सरकवायचं असेल तर स्लाइड शीट घाला आणि दोघी समोरासमोर उभ्या राहा. काय करणार आहोत ते आजोबांना सांगा, त्यांना गुडघे वाकवता येत असतील तर वाकवायला सांगा, मोठ्याने तीनपर्यंत मोजा आणि एकदमच सरकवा. तुमची शक्ती पाठीतून नव्हे, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकण्यातून आली पाहिजे. होइस्ट वापरत असाल तर स्लिंग (माणसाला ज्यात बसवून उचलतात ती कापडी झोळी) स्वेटरच्या किंवा शालीच्या घडीवर बसली नाही ना ते पाहा. माणूस काही सेंटिमीटर उचलला की थांबा, चारही अडकवण्या ताणलेल्या आहेत का बघा, मगच पुढे.

कोणी उभं असताना कोसळायला लागलं तर त्यांना झेलून उभं धरण्याचा प्रयत्न करू नका. जवळ असाल तर त्यांचं डोकं सांभाळत, आपल्या पायाच्या आधाराने त्यांना जमिनीवर सरकू द्या. नंतर आधी तपासणी, मग होइस्ट. दोघी-तिघींनी काखेत हात घालून जमिनीवरून उचलणं म्हणजे एका अपघाताचे दोन करणं.

आंघोळीबद्दल थोडं वेगळं. स्मृतिभ्रंश असलेले रहिवासी आंघोळीच्या वेळी मारतात, चावतात, नखं लावतात, आणि त्यांच्या फाइलमध्ये ‘आक्रमक’ असा शिक्का बसतो. थंड खोलीत अनोळखी वाटणाऱ्या माणसाने कपडे काढले तर कोणीही हेच करेल. बाथरूम आधी दहा मिनिटं गरम करा, टॉवेल गरम ठेवा, अंगाचा जेवढा भाग धुता तेवढाच उघडा ठेवा, आणि पाणी डोक्यावर न टाकता पायांपासून सुरुवात करा. तुम्ही उभं राहायचं ते दाराच्या बाजूला, त्यांच्या अगदी समोर नाही. तरीही नको म्हणत असतील तर आज नुसतं गरम ओल्या कापडाने पुसून घ्या. आंघोळ उद्याही होईल.

हात

हिवाळ्यात नर्सचे हात फुटतात. फुटलेल्या कातडीतून जंतू आत जातात आणि तिथे राहतातही, म्हणून हा प्रश्न दिसण्यापुरता नाही. बऱ्याच जणींना वाटतं की सॅनिटायझर झोंबतो म्हणजे तोच वाईट. खरं तर मऊपणा देणारे घटक असलेला अल्कोहोल रब (म्हणजे हाच सॅनिटायझर) साबण-पाण्यापेक्षा त्वचेला कमी त्रास देतो. तो झोंबतो म्हणजे कातडी आधीच फाटली आहे. हात दिसायला मळलेले असतील, किंवा उलट्या-जुलाबाचा रुग्ण असेल, तेव्हा साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. एरवी रब, २० ते ३० सेकंद. पाणी कोमट हवं, गरम नाही. पुसताना घासायचं नाही, टिपायचं. हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय ग्लोव्हज नाहीत. ब्रेकच्या सुरुवातीला आणि ड्यूटी संपल्यावर क्रीम. लेटेक्सचे ग्लोव्हज वापरत असाल तर पेट्रोलियम जेली असलेलं क्रीम ड्यूटीत नको, त्याने लेटेक्स कमकुवत होतं. भेगांतून रक्त यायला लागलं किंवा पुरळ दोन आठवड्यांत गेलं नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि ते कामामुळे झालं आहे अशी नोंद करून घ्या.

बंद खिडक्या, हीटर आणि ऑक्सिजन

थंडीत खिडक्या बंद होतात आणि एकाच हवेत चाळीस माणसं श्वास घेत बसतात. सगळे जेवणाच्या हॉलमध्ये असताना खोल्यांच्या समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं उघडा, सगळे खोल्यांत गेले की हॉलच्या. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळालं तर उत्तम; आकडा ८०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ८०० भाग) खाली राहिला तर हवा बऱ्यापैकी बदलते आहे असं धरता येतं.

फिरता हीटर पडदे, पांघरुणं आणि खुर्च्यांपासून किमान एक मीटर लांब हवा, आणि भिंतीतल्या सॉकेटलाच जोडलेला हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर नाही. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत आगीचा धोका जास्त, म्हणून तिथे तो नकोच. ऑक्सिजनवर असलेल्या आजींचे ओठ फुटले म्हणून पेट्रोलियम जेली लावायची सवयही त्याच कारणाने सोडा, तिथे पाण्यावर आधारलेलं मलम वापरा.

आता कार्बन मोनॉक्साइड. हा वायू बॉयलर, गॅस हीटर किंवा जनरेटरमधून बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, गळून जाणं ही त्याची लक्षणं नेमकी साथीच्या आजारासारखी असल्यामुळे नर्सिंग होममध्ये तो हमखास फसवतो. एकाच मजल्यावर रहिवासी आणि कर्मचारी यांना एकदम त्रास सुरू झाला, कोणालाच ताप नाही, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतं, तर फ्लूची तपासणी करत बसू नका. सगळ्यांना बाहेर किंवा दुसऱ्या इमारतीत हलवा आणि अग्निशमन दलाला बोलवा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या रक्तालाही तो ऑक्सिजनयुक्त समजतो आणि ९८ टक्के दाखवत राहतो.

साथ शिरली तर

फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला १ ते ४ दिवस लागतात, आणि लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो पसरवत असतो. म्हणून मोठा आकडा होईपर्यंत थांबायचं नाही. ७२ तासांच्या आत दोन रहिवाशांना फ्लूसारखी लक्षणं दिसली आणि त्यातल्या एकाची तरी चाचणी पॉझिटिव्ह आली, की साथ जाहीर. फ्लू आणि कोविड यांची तपासणी एकदमच करा, कारण वरवर पाहून फरक कळत नाही.

पहिल्याच तासात माणसांची वाटणी करा. आजारी बाजूला ठरावीक नर्स, निरोगी बाजूला ठरावीक, आणि मध्ये ये-जा नाही. माणसं इतकी कमी असतील की वाटणी जमणारच नाही, तर निदान क्रम पाळा : आधी निरोगी, मग संशयित, शेवटी आजारी. खोलीत शिरण्याआधी लागणारं सगळं सामान ट्रेवर घ्या, म्हणजे मधेच ग्लोव्हज घालून बाहेर यावं लागणार नाही. फ्लूसाठी सर्जिकल मास्क आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा किंवा शील्ड. कोविडसाठी, आणि ओपन सक्शनसारख्या (उघड्या नळीने श्वासमार्गातला कफ ओढून काढण्यासारख्या) कामासाठी, एन-९५. काढताना क्रम असा : ग्लोव्हज, मग चष्मा, मग गाउन, आणि मास्क शेवटी, खोलीबाहेर आल्यावर. हात मध्येही स्वच्छ करायचे आणि शेवटीही. बरेचदा लागण होते ती घालताना नाही, काढताना. राउंड संपवायच्या घाईत, त्याच हाताने कपाळ पुसताना.

फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत चालू झालं तर त्याचा जास्त उपयोग होतो. साथीत आजारी नसलेल्या रहिवाशांनाही ते प्रतिबंधासाठी देतात, किमान २ आठवडे आणि शेवटचा नवा रुग्ण सापडल्यानंतर ७ दिवस होईपर्यंत. लस न घेतलेल्या किंवा गरोदर नर्सनी आपल्यालाही ते हवं का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारावं.

नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबाची साथ आणणारा विषाणू, ही वेगळीच जात. अगदी थोडे कण पोटात गेले तरी पुरतात, १२ ते ४८ तासांत उलट्या सुरू होतात, आणि अल्कोहोल रबने हा विषाणू नीट मरत नाही. इथे साबण-पाणीच. उलटी झाली की आजूबाजूच्यांना हलवा, मास्क, गाउन, ग्लोव्हज घाला, उलटीवर कागदी टॉवेल अंथरा आणि कडेकडून मध्याकडे गोळा करा. जागा पुसून झाल्यावर क्लोरीनचं द्रावण, १००० ते ५००० पीपीएम. ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर एक लिटर द्रावणात २० मिली ब्लीच म्हणजे १००० पीपीएम, आणि १०० मिली म्हणजे ५०००. रोज ताजं बनवा, लेबलवर लिहिलेल्या वेळेपर्यंत पृष्ठभाग ओला राहू द्या, खोलीची हवा खेळती ठेवा. लघवीवर थेट क्लोरीन ओतू नका आणि टॉयलेट क्लीनरमध्ये ब्लीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. चादरी झटकायच्या नाहीत, अंगाला लागू न देता गुंडाळून पलंगापाशीच पिशवीत भरायच्या.

आणि ब्रेक रूम. बिछान्यापाशी आपण सगळे नियम पाळतो, मग छोट्या बंद खोलीत मास्क काढून सहा जणी दाटीवाटीने बसतो. साथीच्या दिवसांत ब्रेक आळीपाळीने घ्या, तिथली खिडकी उघडी ठेवा, आणि नर्सिंग स्टेशनवर खाणं-पिणं बंद.

स्वतःला लक्षणं दिसली तर ड्यूटी अर्ध्यावर सोडा. फ्लूमध्ये ताप उतरवणारी गोळी न घेता किमान २४ तास ताप आला नाही, आणि उलट्या-जुलाबात ते थांबून किमान ४८ तास झाले, की मगच परत. ‘मी नसले तर कोण करणार?’ हा प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर शोधणं हे व्यवस्थापनाचं काम. आजारी नर्स ड्यूटीवर राहिली तर चार दिवसांनी आणखी तिघी गैरहजर असतात.

दिवस मावळताना

स्मृतिभ्रंशाच्या रहिवाशांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते, आणि हिवाळ्यात संध्याकाळ दुपारीच येते. दिवे अंधार पडल्यावर नव्हे, त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी लावा, आणि पडदे ओढून घ्या म्हणजे काचेतली सावली पाहून कोणी दचकणार नाही. कोणी ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराकडे निघालं तर वाट अडवू नका. एका हाताच्या अंतराने बरोबर चाला, बोलत राहा, परत वळवा. मनगट धरलंच तर हिसका देऊन ओढण्याऐवजी त्यांच्या अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून सोडवा, नाहीतर त्यांची नाजूक कातडी सोलली जाते आणि तुमचा खांदाही दुखावतो.

नाइट आणि परतीचा रस्ता

सलग १७ तास जागं राहिल्यावर मेंदूची अवस्था रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, २४ तासांनी ०.१० टक्क्यांसारखी. कोणी गैरहजर म्हणून नाइटला जोडून सकाळची ड्यूटी स्वीकारताना हा आकडा आठवा. रात्री १५ ते ३० मिनिटांची डुलकी अधिकृतपणे मिळावी यासाठी आग्रह धरा. जास्त वेळ झोपलात तर उठल्यावर डोकं जड राहतं, म्हणून औषध देण्यासारखं काम त्यानंतर लगेच घेऊ नका. कॉफी ड्यूटीच्या पहिल्या अर्ध्यात संपवा, नाहीतर सकाळी घरी झोप येत नाही.

निघताना जांभया थांबत नसतील, शेवटची काही मिनिटं आठवत नसतील, तर गाडी चालवू नका. ब्रेक रूममध्ये वीस मिनिटं झोपून निघा किंवा कोणाला तरी न्यायला बोलवा. काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं याने झोप जात नाही. गाडी बर्फात उभी असेल तर इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. ते बुजलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. गाडीत एक ब्लँकेट, टॉर्च, पाणी, फोनचा चार्जर आणि थोडी वाळू असू द्या.

नोंद

पाय सटकला पण पडलात नाही, स्लिंगची शिवण उसवलेली दिसली, आजोबांनी ढकललं पण लागलं नाही : या तीनही गोष्टी लिहायच्या. तारीख, वेळ, नेमकी जागा, जमिनीची अवस्था, तेव्हा ड्यूटीवर किती जण होते, कोणतं उपकरण हवं होतं आणि ते का नव्हतं. ‘काळजी न घेतल्यामुळे’ असली वाक्यं लिहू नका, त्यातून पुढच्या नर्सला काहीच कळत नाही. दुखापत झाली असेल तर कितीही किरकोळ वाटली तरी त्याच ड्यूटीत डॉक्टरांना दाखवा, कारण कमरेचं दुखणं दुसऱ्या दिवशी वाढतं आणि आठवड्याने भरपाई मागताना पहिला प्रश्न येतो : तेव्हाच का नाही सांगितलंत? फॉर्मची एक प्रत स्वतःकडे ठेवा. थंडी संपल्यावर हे सगळे कागद एकत्र काढून इन-चार्जसमोर ठेवले, तर पुढच्या हिवाळ्याआधी मागायच्या सामानाची यादी त्यातूनच तयार होते.